घरी किती ठेवता?

माझी भाची पुण्यात पीएचडी करते. विषय शाश्वत शेती आणि अन्नव्यवस्था. हे नाव ऐकून आमच्या हिनं विचारलं, "म्हणजे तू नेमकं करतेस काय?" तर म्हणाली, "मामी, रानात पिकतं त्यातलं घरात किती येतं आणि घरातलं ताटात किती येतं, ते मोजते." हिला ते लगेच पटलं. मला मात्र त्यात मोजण्यासारखं काय आहे ते उमजेना. 31 वर्षं बँकेत काढली, निम्म्याहून जास्त शेतीकर्जाच्या टेबलावर. पीक मोजायचं म्हणजे एकरी उतारा, बाजारभाव आणि थकबाकी, एवढंच मला ठाऊक.

तिला डिसेंबरअखेर पाच दिवस सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीच्या मागावर फिरायचं होतं. गाडी माझी, चालक मी, गावोगावच्या ओळखीही माझ्याच. तिनं एकच अट घातली, "मामा, मी प्रश्न विचारत असताना तू मधे उत्तर द्यायचं नाहीस." ही अट मी पहिल्याच दिवशी सकाळी साडेनऊला मोडली.

पहिला दिवस : मंगळवेढा

पहाटे सहाला निघालो. कामतीला चहा झाला, बेगमपूरला भीमा ओलांडली. माचणूरला औरंगजेबाच्या वेळचा किल्ला आणि नदीकाठचं सिद्धेश्वराचं देऊळ आहे. येताना बघू म्हणून पुढे गेलो आणि येताना अर्थातच अंधार पडला होता.

मंगळवेढ्याचं काळं रान ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगून कळत नाही. नजर जाईल तिथवर झाड नाही, विहीर नाही, बांधसुद्धा नावापुरते. आणि त्या सगळ्यावर पुरुषभर उंचीची ज्वारी. काही निसवलेली, म्हणजे कणसं बाहेर पडलेली, काही फुलोऱ्यात, आगाप पेरलेली दुधात. वाऱ्यानं पानं घासली जातात तेव्हा लांबवर कुणी मांजरपाट फाडतंय असा आवाज येतो. दसऱ्याच्या मागंपुढं शेवटचा पाऊस पडलेला. त्यानंतर या पिकाला वरून एक थेंब नाही, आणि यापुढेही मिळणार नाही.

जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला भरवशाचा भाग सप्टेंबरात. म्हणून इथं पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, पाणी पिऊ द्यायचं आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणीची पाभर धरायची. त्याआधी पेरली तर खोडमाशी पोंगा खाते, उशीर केला तर ओल हातची जाते. एवढ्या महिनाभराच्या फटीत वर्षाची भाकरी बसवायची.

ज्यांच्या रानात थांबलो ते अण्णा सत्तरीचे. भाचीनं पिशवीतून ओल मोजायचं यंत्र काढलं. अण्णांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, परत दिलं आणि खोऱ्यानं दोन ओळींमधली माती वीतभर बाजूला केली. वर भुगा, अगदी पिठासारखा. खाली काळी, गार, मुठीत दाबली तर गोळा व्हावी अशी ढेप. "हे बगा तुमचं मीटर," म्हणाले.

मग कोळपणीचं सांगत बसले. पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीचं कोळपं, पाच आठवड्यांना पासेचं, आठ आठवड्यांना दातेरी. पहिली दोन तणासाठी म्हणा, पण तिसरी निव्वळ भेगा बुजवायला. काळं रान वाळायला लागलं की तडकतं आणि भेगेतून खालची ओल वर येऊन उडून जाते. दातेरी कोळप्यानं भेग भरली, वर मातीची रजई पडली, की पाणी जागच्या जागी. "एक कोळपणी म्हंजे अर्धं पाणी," अण्णा म्हणाले. हे वाक्य कृषी खात्याच्या पत्रकांतही असतं, पण तिथं ते वाचून कुणी माती उकरून दाखवत नाही.

इथं भाचीनं तिचा प्रश्न विचारला. "अण्णा, मागच्या साली पिकली त्यातली विकली किती आणि घरी किती ठेवता?"

अण्णा गप्प. साडेनऊ वाजले होते. मी म्हणालो, "अगं, साधारण निम्मी विकतात." भाचीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीत पाणी आणायला गेलो.

परत आलो तर प्रश्न तिथंच. अण्णांना एकूण उतारा पोत्यांत सांगता येत होता, विकलेलीची पट्टी खिशात होती, पण मधला हिशेब जुळेना. तेवढ्यात वस्तीच्या दारातून काकूंचा आवाज आला, "त्यास्नी काय इचारता? हिकडं या." मग चुलीपुढं बसून सगळं बाहेर आलं. माणशी दीड पोतं खायला धरायचं, घरात सहा माणसं. एक कट्टा लेकीच्या सासरी जातो, एक पुण्यात पोराकडं. सुतार, लोहार आता बलुतं मागत नाहीत, पण देवळातल्या गुरवाचं आणि काढणीला येणाऱ्या बायकांचं वेगळं ठेवावं लागतं. बियाणं वेगळं, तेही काकूच निवडतात: भरलेलं, गोल, मोत्यासारखं टपोरं कणीस काढणीआधी हेरून त्याला चिंधी बांधायची. भाचीच्या फॉर्ममध्ये "घरगुती वापर" असा एकच रकाना होता. काकूंचं सांगून होईतो तिनं कागदाच्या पाठीवर सात रेघा मारल्या होत्या.

मी एक शंका विचारून घेतली. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं भारी जमिनीसाठी फुले वसुधा हे वाण काढलं, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, हलक्या रानाला फुले अनुराधा. उतारा जुन्या मालदांडी वाणाहून बरा. मग अजून मालदांडीच का? अण्णांनी उत्तर दिलं ते कडब्याचं. मालदांडीचा कडबा गोड, म्हैस ताटासकट खाते, बुडखा ठेवत नाही. कोरडवाहू ज्वारीत धान्याच्या दुपटीहून जास्त वजन कडब्याचं भरतं. "दाना एक साल कमी आला तर चालंल, कडबा नाय आला तर दावण मोकळी." 31 वर्षांत माझ्या एकाही कर्जप्रकरणात कडबा उत्पन्नात धरलेला मला आठवत नाही.

अडचणही त्यांनीच सांगितली. इथं ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. फेब्रुवारी-मार्चात, उन्हात, वाळलेलं ताट दोन्ही हातांनी धरून. हात सोलतात. हे काम करायला आता माणूस मिळत नाही, आणि ज्यांचे हात अजून राकट आहेत त्या बायका पन्नाशीच्या पुढच्या आहेत. मशिनं येतात बघायला, पण उंच ताट सरळ धरून कडबा न मोडता उपटणारं अजून अण्णांच्या रानात आलेलं नाही.

दुपारी गावात दामाजीपंतांचं दर्शन घेतलं. बहामनी राजवटीतला हा अधिकारी; दुष्काळात त्यानं सरकारी कोठार लोकांना खुलं केलं आणि त्याची भरपाई करायला विठ्ठल महाराचं रूप घेऊन बिदरला गेला, ही कथा आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असते. मी ती भक्तीची गोष्ट म्हणून ऐकत आलो. भाची पायरीवर बसून म्हणाली, "मामा, ही साठवणुकीची गोष्ट आहे. धान्य होतंच गावात. किल्ली कुणाकडे, एवढाच प्रश्न." पुढं एका जुन्या वाड्यात पेवाची जागा दाखवली. पेव म्हणजे जमिनीतलं सुरईच्या आकाराचं धान्याचं कोठार, तोंडाला फरशी. उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा, विझला तर आत वायू कोंडलाय असं समजायचं. आता त्यावर फरशी बसवून मोटारसायकल लावतात. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची पाटी मात्र चकचकीत दिसली.

निघताना काकूंनी गाडीच्या डिकीत एक पिशवी ठेवली. पाच किलो ज्वारी. नको नको म्हणायचा रिवाज दोन्हीकडून पाळला गेला.

दुसरा दिवस : मोहोळ, आणि कालव्याखालचं एक गाव

पुणे रस्त्याला लागलो आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे पाऊण तास अडकलो. जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने. या दिवसांत रस्त्यावर गाड्या कमी आणि ऊस जास्त असतो. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, परावर्तक नाही, वरून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, लोंबतंय. सोलापूरकर हे सगळं सहन करतो, वर दोन कांड्या ओढून घेतो.

मोहोळच्या संशोधन केंद्रापाशी भाची हट्टानं थांबली. तिच्या दृष्टीनं हे तीर्थक्षेत्र. 1930च्या दशकात इथं शेतकऱ्यांच्या स्थानिक मालदांडीतून एकेक ताट निवडत "एम 35-1" हे वाण काढलं. आपण ज्याला नुसतं मालदांडी म्हणतो ते बहुतेक वेळा हेच. नव्वद वर्षं व्हायला आली, गव्हाची-भाताची वाणं दर दहा वर्षांनी पालटली, पण हे अजून रानात आहे. "कारण त्याच्यापेक्षा चांगलं निघालंच नाही?" मी विचारलं. "उताऱ्यानं निघाली की. पण उतारा, भाकरी, कडबा, पाण्याचा ताण हे चारही पेपर एकदम पास होणारं अवघड असतं," ती म्हणाली.

तिथून कालव्याखालच्या एका गावात. माझ्या नोकरीतल्या गावांपैकी एक, म्हणून मुद्दाम निवडलं. पारावर बसलेल्या एकानं हाक मारली, "साहेब! वळखलं का? तुमीच दिल्तं की पाइपलाइनला." दिलं होतं. त्या एका वर्षात याच गावात चाळीसेक प्रकरणं केली होती, सगळी उसाची. त्याचं कारण सोपं होतं. उसाला एकरी कर्जमर्यादा मोठी, आणि कारखान्याशी करार असला की हप्ता बिलातून परस्पर कापून येतो. वसुलीला फिरायला नको. ज्वारीवाला आला तर त्याची मर्यादा इतकी कमी की फाईल करायचा खर्च वर. मी त्यांना सरळ सांगायचो, "थोडा तरी ऊस दाखवा." दाखवायचे. मग खरंच लावायचे.

इथं दोष कुणा एकाचा नाही, असं म्हणून मी आजवर सुटत आलो. उजनी 1980 साली पुरी झाली. एकूण साठा 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं वापरायचं जेमतेम 54, बाकीचं मृतसाठ्यात, म्हणजे एरवी न वापरता तळाशी राहणारं. तरी 2024च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, म्हणजे मृतसाठ्यातलंही जवळपास निम्मं पाणी उपसलं. "उजनी मायनसमध्ये गेली" हे वाक्य आमच्याकडे आता हवामानासारखं बोललं जातं. त्या पाण्यावर अडसाली ऊस सतरा-अठरा महिने उभा राहतो. आणि शेतकऱ्याला विचारलं तर तो रास्तभाव सांगतो: 2024-25 च्या हंगामाला सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये, कायद्यानं बांधलेले. ज्वारीचं असं कुठलं गिऱ्हाईक आहे जे पेरायच्या आधी दारात येऊन करार करतं?

घरात भाचीनं सुनेला विचारलं, "काल सकाळपासून काय काय खाल्लं?" हा तिचा ठरलेला प्रश्न. चोवीस तासांतलं सगळं आठवून सांगायचं, मग ते दहा अन्नगटांत टाकायचं; पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बाईच्या खाण्यात त्यातले निदान पाच गट असावेत. चहा-बिस्कीट. चपाती आणि बटाटा. भात, आमटी. संध्याकाळी पुन्हा चपाती, सकाळचीच भाजी. रेशनवर गहू-तांदूळ फुकट येतो. ज्वारीचं पीठ? "आणतो की, मोहोळातनं. दुकानात मिळतं पाकिटात." तिच्या मागच्या खिडकीतून दिसणाऱ्या रानात माझी पाइपलाइन होती. तीन गट झाले. भाचीनं काही न बोलता फॉर्म भरला.

गोठ्यात गाई वाढं खात होत्या. कडब्याऐवजी तेच परवडतं. पण नुसत्या वाढ्यातल्या ऑक्झॅलेटनं अंगातलं कॅल्शियम जातं, म्हणून डॉक्टर वर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. "शिंपडता का?" "आठवलं तर."

परतीच्या वाटेवर मी फारसं बोललो नाही. भाचीनं गाणी लावली.

तिसरा दिवस : नान्नज

हा दिवस वाया गेला म्हटलं तरी चालेल. बार्शी रस्त्याला गाडी पंक्चर झाली, स्टेपनीत हवा नव्हती. ती भरायला पाठवलेला मुलगा दीड तासानं आला.

नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979चं. माळढोक आता दिसणं म्हणजे नशिबाचा भाग. आम्हाला काळविटांचा कळप दिसला, तो माळावर नव्हे, हरभऱ्यात. रानमालक काठी घेऊन बांधावर उभा. "सरकारचं जनावर आन् माजा हरभरा," म्हणाला. त्याच्या ज्वारीच्या कडेनं काटेरी करडईच्या दोन ओळी होत्या, कुंपणासारख्या. पूर्वी सगळेच अशा लावायचे: गुरं काट्यांना भितात, आणि घरचं तेल निघतं. आता शिवारात ही एकच दिसली. विचारलं तर म्हणाला, "काढताना काटं कोन खानार? मी आडमुठा म्हनून लावतो."

याच गावच्या नानासाहेब काळ्यांनी आपल्या बागेतल्या द्राक्षवेलीतून "सोनाका" निवडली, ती पुढं देशभर गेली. शेतकऱ्याला निवड कळते, हे भाचीनं वहीत लिहिलं. मी तोवर हवा भरलेली स्टेपनी बसवत होतो.

चौथा दिवस : वेळा अमावास्या

त्या वर्षी अमावास्या सोमवारी आली. अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात माझ्या जुन्या शिपायाचं घर आहे. त्यानं वर्षभर आधी आमंत्रण दिलेलं. या दिवशी गावात कुणी सापडत नाही. घरांना कुलपं, देवळात पुजारी नाही. सगळं गाव रानात.

आम्ही पोचलो तेव्हा घरातल्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन बांधावरून निघालेल्या, एकीच्या डोक्यावर अंबिलीचं बिंदगं. ज्वारीच्या उभ्या पिकात पाच ताटांचे शेंडे एकत्र बांधून, कडब्याच्या पेंढ्या रचून कोप केलेली. आत चुना लावलेले पाच दगड, पाच पांडव. त्यांना हळदकुंकू, पुढं नैवेद्य. मग घरच्या कर्त्यानं पिकाभोवती फेरी मारत अंबील शिंपडली, मागून पोरं ओरडत पळाली. काळ्या आईचं डोहाळजेवण म्हणतात याला. पीक पोटरीतून बाहेर पडायच्या दिवसांत येतं, त्यामुळे नाव शोभतं.

आणि मग जेवण. मी आयुष्यात लग्नाच्या पंगती पुष्कळ उठवल्या, पण भज्जीच्या तोडीचं काही नाही. तुरीचे सोले, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, वालाचे दाणे, ओल्या शेंगा, मेथी, चाकवत, कांद्याची पात, वांगं, गाजर, चिंचेचा कोळ, आणि हे सगळं एकजीव करायला हरभऱ्याचं पीठ. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, तीळ लावलेली. गव्हाची खीर. वरून अंबील: ज्वारीचं पीठ शिजवून, ताक घालून, रात्रभर आंबवलेलं, लसणाची फोडणी. दुपारच्या उन्हात दोन पेले प्यायले की कोपीच्या सावलीत माणूस जिथं असेल तिथं आडवा होतो.

भाची आडवी झाली नाही. बोटांवर मोजत बसली होती. "धान्य, कडधान्य, शेंगदाणे-तीळ, दूधदुभतं, पालेभाजी, गाजर, इतर भाज्या, आणि ही बोरं. मामा, दहापैकी आठ!" अंडं आणि मांस तेवढं राहिलं, अमावास्येच्या पांडवांपुढं ते येणार कुठून. मी म्हटलं, मग लिही. तर म्हणाली, लिहिता येत नाही. चोवीस तासांच्या प्रश्नाला सणाचा दिवस चालत नाही, कारण ते रोजचं खाणं नव्हे. फॉर्मवर तशी खूण करून बाजूला ठेवायचं. तिला नियम ठाऊक होता, पण एवढं आठाचं ताट गणतीबाहेर जातंय याचं तिला मनापासून वाईट वाटलं. हे सगळं याच रानातून आलं होतं, पाचशे पावलांच्या आतून, मिठाएवढंच दुकानचं.

घरातली आजी नव्वदीची, निम्मी कानडीत बोलते. "एळ्ळु म्हंजे तीळ," तिनं सणाच्या नावाचा उलगडा केला. तिच्या सुनेनं लगेच हरकत घेतली, एळु म्हणजे सात, सातवी अमावास्या म्हणून. सासूसुनेत हा वाद पन्नास वर्षं चालू असावा.

भाचीनं आजीला 72च्या दुष्काळाचं विचारलं. आजीनं आधी "मिलो" हा एकच शब्द उच्चारला आणि तोंड वाकडं केलं. परदेशातून आलेली लाल ज्वारी. भाकरी थापली की फाटायची, तव्यावरून निघायची नाही, पोटाला जड. खडी फोडायला जायची आजी, सोबत सुकडी मिळायची ती पोरांना. "माणसाचं भागलं रं. जनावराचं?" कडबा नव्हता. दोन्ही बैल छावणीत नेले, एकच परत आला. त्या बैलाचं नाव तिला आठवत होतं, सांगितलं. नंतरच्या साली पाऊस झाला आणि पहिली मालदांडी दळून आणली तेव्हा घरात भाकरी उकलून वास घेत बसले होते सगळे. "पीठाला विरी व्हती," ती म्हणाली.

विरी हा शब्द भाचीला माहीत नव्हता. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. ताजं असताना गरम पाण्यानं मळलं तर जो काही धरून राहतो त्याला विरी म्हणतात. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरीला कडा फुटतात. पाकिटातल्या पिठाचं दुखणं हेच. भाचीनं वहीत शब्द लिहून त्याभोवती चौकोन काढला.

पाचवा दिवस : शहर

सकाळी सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात. 1933 पासून इथं पाऊस, ओल आणि ज्वारी यांचा हिशेब मांडला जातो. ना. वि. कानिटकरांनी कोरडवाहू शेतीवर इथं काम केलं. उतारावर छोटे बंदिस्त वाफे पाडून पाऊस जिथं पडेल तिथं जिरवायचा, ही कप्पेबंदी आज कुणी "हवामान-अनुकूल तंत्र" म्हणून नव्यानं विकतो, तिचे प्रयोग इथल्या काळ्या मातीत माझ्या जन्माआधीचे. भाचीचं काम दोन तास चाललं. मी बाहेर झाडाखाली बसून हमीभावाची यादी वाचली. 2024-25 ची. ज्वारीच्या तिथं दोन ओळी: संकरित 3371, मालदांडी 3421. सगळ्या देशाच्या यादीत आपल्या गावठी वाणाचं नाव छापलंय याचा अभिमान वाटला. मान पन्नास रुपयांचा, तो भाग वेगळा.

दुपारी शहरात भाकरी करणाऱ्या बायकांकडे. कडक भाकरी ही सोलापूरची खरी निर्यात. शेंगा चटणीबरोबर पार परदेशात जाते, महिनामहिना टिकते. बारा बायका, बारा चुली, धूर. भाकरी मोजून पैसे. भाचीनं विचारलं, पातळ कशी थापता? एकीनं हात न थांबवता सांगितलं, "ज्वारी मंगळवेढ्याची असली तर हात आपोआप पळतो. मिसळ माल आला की शंभरात दहा फाटतात. फाटलेलीचे पैसे नाहीत." भाचीनं दुसरा प्रश्न विचारला, काल सकाळपासून काय खाल्लं. त्या बाईनं जरा विचार केला. "चपाती. भाकरी करून करून आता घरी कोण करणार?" बाकीच्या अकरा जणी हसल्या.

संध्याकाळी घरी आलो. खाली बोळातून नंदीध्वजाच्या सरावाची मंडळी जात होती, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा पंधरवड्यावर. भाचीकडे एकच कोरा फॉर्म उरला होता. "मामी, तुझा भरू?" आमची ही पदर खोचून बसली. सगळं खरं सांगितलं: सकाळी पोहे, दुपारी चपाती, रात्री खिचडी, मामांना भाकरी आठवड्यातून दोनदा, तीही विकतची.

"शेती आहे का?"

आहे. गावी तीन एकर, चुलतभावाकडे बटईनं. पूर्वी मार्चात एक पोतं ज्वारी यायचीच. दोन वर्षांपासून येत नाही. त्यानं ऊस लावलाय. प्रकरण मीच करून दिलं होतं, निवृत्तीच्या आदल्या महिन्यात.

"घरी किती ठेवता?" भाचीनं विचारलं, यावेळी माझ्याकडे बघून. मी अट पाळून गप्प बसलो. तिनं शून्य लिहिलं.

"शून्य काय म्हणून?" ही म्हणाली. "डिकीतली पिशवी विसरलात की काय? पाच किलो आहे."

भाचीनं रकाने वरून खाली पाहिले. उत्पादन, खरेदी, रेशन, मजुरी. दिलेल्याचा रकाना नव्हता. शेवटी तिनं समासात लिहिलं: मंगळवेढा, 5 किलो, एका काकूंनी.

"लिहून झालं ना?" ही उठली, पिशवी माझ्यापुढे ठेवली. "मग उठा. गिरणी आठला बंद होते."